लवकर सुटणाऱ्यांचा सुवर्णकाळ

२२ जानेवारी, सकाळ

ड्रीमाच्या भोजनालयात आजपासून कॉफीचा दुसरा कप फुकट मिळणार नाही. या घटनेची इतिहासाने नोंद घ्यावी. इतिहास घेणार नाही, म्हणून मी घेतो. इंडियाना राज्यातल्या या एल्कहार्टमध्ये आलो तेव्हापासून पहिला कप संपला की तो काउंटरच्या कडेला सरकवायचा आणि ड्रीमाने न विचारता भरायचा, असा आमच्यात अलिखित करार होता. आज कप सरकवला. ड्रीमा किटली घेऊन आली, कपाकडे पाहिलं आणि ओळख विसरलेल्या सोयऱ्यासारखी पुढे निघून गेली.

विचारलं तर म्हणाली, प्रोफेसर, कॉफीचे भाव बघितलेत का? मी म्हटलं, बघितले, आणि त्यामागे कोणाचा हात आहे तेही ठाऊक आहे. आधीचे अध्यक्ष. परवा शपथविधी उरकून विमानात बसले ते माझा दुसरा कप सोबत घेऊनच.

शेजारच्या स्टुलावर मर्ल हॉकस्टेटलर होता. उभा जन्म त्याने इथल्या कारखान्यातले कॅम्पर, म्हणजे सहलीची चाकांवरची घरं, ट्रकला जोडून देशभरच्या डीलरांकडे पोचवले. आता गुडघे गेले, म्हणून बसून मतं पोचवतो. म्हणाला, अरे, कॉफी काय इंडियानात पिकते? ब्राझीलमध्ये पाऊस नाही पडला. मी म्हटलं, यथा राजा तथा पर्जन्य. अर्थ समजावून दिला. म्हणाला, झकास, मग आता तुझ्या नव्या अध्यक्षाला सांग ब्राझीलमध्ये पाऊस पाडायला.

संकल्प: दुसरा कप परत येईपर्यंत एकच कप पिणे. हे तप आहे, काटकसर नव्हे.

२५ जानेवारी

या वहीला कुलूप लागत नाही. घरात मराठी वाचणारा मी एकटा. माझ्या बायकोला, मार्लिसला, इतक्या वर्षांत तीन मराठी शब्द आले: चहा, झोप आणि पुरे. तिसरा ती अचूक वापरते.

गावच्या इंग्रजी साप्ताहिकातलं माझं सदर, ‘गावचा गल्ला’, यापुढे शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं आहे. अध्यक्ष बदलला की अर्थव्यवस्था बदलते, हे लोकांना वाटतं. मी ते सिद्ध करणार.

२९ जानेवारी

ओवेन आला होता. आमचा एकुलता एक. कारखान्यात कॅम्परच्या स्वयंपाकघरातली कपाटं बसवतो. त्याला नगरपालिकेच्या पाणी खात्यात जागा आली आहे. पगार कमी, पण कायमची. विमा चांगला. त्याच्या बायकोला, जोलीनला, जुलैत बाळ होणार, आणि इथे बाळंतपणाचा खर्च नोकरीच्या विम्यातूनच निघतो, त्यामुळे विम्याचं महत्त्व. दोन दिवसांत हो-नाही कळवायचं. म्हणाला, डॅड, तुझं काय मत?

आपल्या मुलाने आपलं मत विचारावं, असा प्रसंग बापाच्या आयुष्यात धूमकेतूसारखा येतो. मी तो वाया जाऊ दिला नाही. म्हटलं, पाणी कोणत्याही अध्यक्षाच्या काळात उताराकडेच वाहतं, त्यात पुरुषार्थ तो काय? आत्ता आपला माणूस बसलाय. उद्योगधंद्याचा माणूस. पुढची चार वर्षं देश चाकांवर निघणार, आणि चाकं बनतात कुठे? आपल्या गावात.

मार्लिस स्वयंपाकघरातून म्हणाली, पाणी घे, ओवेन. मी म्हटलं, तू शाळेच्या मुलांना जेवण वाढतेस, तुला स्थैर्याची सवय लागली आहे. ती मराठीत म्हणाली, पुरे.

३१ जानेवारी

ओवेनने पाणी खात्याला ‘नाही’ असं कळवलं. पितृवचनपालन. डोळे पाणावले. (पाणी नगरपालिकेचं नव्हे.)

१२ फेब्रुवारी

शोध लागला. नम्रपणे नोंदवतो.

इथल्या कारखान्यांत तासांवर पगार नाही. टोळीला दिवसाचे अमुक कॅम्पर ठरवून दिलेले. ते संपले की घरी. पैसे कॅम्परमागे. म्हणून इथली माणसं पहाटे अंधारात कामाला लागतात आणि धावत काम करतात. आता निरीक्षण असं: आधीच्या अध्यक्षांच्या शेवटच्या वर्षांत ही माणसं ड्रीमाकडे दुपारी चारला यायची. मान टाकलेली, बोटांना पट्ट्या. मी तेव्हा ‘थकलेला कामगार आणि थकलेलं सरकार’ असा लेखही लिहिला होता. आणि आता? बारालाच हजर!

निष्कर्ष उघड आहे. तेच काम, निम्म्या वेळात. मनात आशा असली की हातोडा हलका होतो. याला मी ‘सुटका निर्देशांक’ असं नाव दिलं आहे. माणसं जितकी लवकर सुटतात, तितका अध्यक्ष मोठा.

मर्लला सांगितलं. तो इतका हसला की ड्रीमाने पाणी आणून दिलं. मत्सर.

६ मार्च

निर्देशांक उसळला. माणसं दहाला येत आहेत, आणि न्याहारीच मागवत आहेत. फक्त अंडी कोणी मागवत नाही. अंड्यांचे भाव कोंबड्यांच्या रोगामुळे वाढले म्हणे. मी ड्रीमाला म्हटलं, तो रोग आधीच्या राजवटीत सुरू झाला. ड्रीमा म्हणाली, प्रोफेसर, कोंबड्या मतदान करत नाहीत. मी उद्या राष्ट्राध्यक्ष झाले तरी अंडं महागच विकावं लागेल, आणि तुम्ही म्हणाल ड्रीमानेच घातलं.

अशिक्षितपणा. लेखात घालण्यासारखं वाक्य मात्र.

१४ मार्च

ओवेन दुपारी आमच्याकडे. त्याने माझं छपराचं पन्हाळं साफ केलं, कुंपणाच्या दोन फळ्या बदलल्या, मार्लिसच्या कपाटाचा दरवाजा जो जन्मापासून करकरतो तो गप्प केला. बाळाची खोली रंगवून झाली म्हणे, दोन वेळा. सुपुत्र आणि सुशासन एकाच वेळी लाभणं हे पूर्वपुण्य.

मी म्हटलं, बघ, पाणी खात्यात असतास तर आत्ता चिखलात असतास. तो शिडीवरून म्हणाला, डॅड, कपाटंच नाहीत बसवायला. मी म्हटलं, तेच तर! इतक्या लवकर संपवता! तो पुन्हा पन्हाळ्यातली पानं काढायला लागला.

मुलगा मितभाषी आहे. आईवर गेला.

२७ मार्च

सदर छापून आलं. ‘लवकर सुटणाऱ्यांचा सुवर्णकाळ’. शीर्षक माझं, संपादकाने एक स्वल्पविराम काढला.

२ एप्रिल

कोणीतरी माझा लेख कापून कारखान्याच्या हजेरीच्या घड्याळाशेजारी चिकटवला. लोकमान्यता! मर्लने बातमी पुरी केली: खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘प्रोफेसरला आठवडाभर आमच्या पगारावर जेवायला बोलवा.’ तो कागद ओवेनने फाडला. त्यावरून तिथे थोडी धक्काबुक्की झाली.

ओवेनला फोन केला. म्हणाला, काही नाही, डॅड. ओठ थोडा सुजलाय. तू लिहीत राहा.

लिहीत राहा. बापाला मुलाकडून याहून मोठी पावती नको. (आवाज थकलेला वाटला. आशावाद्यालाही सर्दी होते.)

९ एप्रिल

मर्लने आज कॉफी बाजूला ठेवली आणि मला लहान मुलासारखं समजावलं. सगळे घरात कोंडले गेले होते त्या वर्षांत लोकांनी वेड्यासारखे कॅम्पर घेतले. डीलरांनी वेड्यासारखे मागवले. मग व्याज वाढलं. कॅम्पर कोणी रोखीने घेत नाही, कर्जावर घेतात. आता टेक्सासपासून ओरेगॉनपर्यंत डीलरांच्या आवारात मागल्या वर्षीचे कॅम्पर गवतात उभे आहेत, चाकांत पक्षी राहायला आलेत. म्हणून इथे कोटा कमी. म्हणून माणसं लवकर सुटतात. पोरं उपाशी सुटतायत, प्रोफेसर, आणि तू टाळ्या वाजवतोस.

मी विचारलं, म्हणजे अध्यक्षांचा काहीच संबंध नाही? तो लगेच तापला. नाही कसा? हा तुझा माणूस आल्यापासून माझा गुडघासुद्धा जास्त दुखतो.

म्हणजे बघा. हा मला शास्त्र शिकवणार.

तरी निष्पक्षपणे विचार केला. आमच्या दर्शनांत कर्माचे तीन प्रकार आहेत: संचित, प्रारब्ध, क्रियमाण. मर्ल सांगतो ते पडून राहिलेले कॅम्पर म्हणजे आधीच्या अध्यक्षांचं संचित. ते आत्ता भोगायला लागतंय ते प्रारब्ध. आणि नवे अध्यक्ष जे करतायत ते क्रियमाण, त्याचं फळ अजून यायचंय. थोडक्यात, वाईट ते प्रारब्ध, चांगलं ते क्रियमाण. असा चोख हिशोब पाश्चात्य अर्थशास्त्रात नाही.

पण मग आधीच्या अध्यक्षांच्या काळात जे चांगलं झालं, ते त्यांच्या आधीच्याचं संचित? आणि त्याच्याही आधीच्याचं? हा प्रश्न आज घेतला नाही. कपात कॉफी उरली नव्हती.

३० एप्रिल

कारखान्यातली एक लाइन बंद. शुक्रवार सुट्टीचा. ओवेनची टोळी निम्मी केली, पण तो राहिला. अर्थातच.

ओवेनबरोबर जोलीन जेवायला आली होती. पोट चांगलंच दिसतं आता. म्हणाली, हा घरी आला की खुर्चीत बसून भिंतीकडे बघतो. मी म्हटलं, रंग बघत असेल, दोन हात दिलेत. कोणी हसलं नाही. ओवेनने कोबीची भाजी नुसती पसरवून ठेवली होती, लहानपणी ठेवायचा तशी. मार्लिसने त्याला विचारलं, पाणी खात्याची ती जागा? तो म्हणाला, फेब्रुवारीतच भरली, मॉम.

मी विषय बदलला.

१२ मे

पुनर्विचार. शास्त्रज्ञ तोच, जो आपला सिद्धान्त स्वतः मोडतो. मर्लने मोडला असं कोणी म्हणण्याआधी मोडलेला बरा.

निर्देशांक उलटा केला आहे. माणसं जितकी उशिरा सुटतात, तितका काळ चांगला. हाच मूळ अर्थ होता. मी फक्त दुसऱ्या टोकाने धरला होता. हत्तीची शेपटी धरली म्हणून हत्ती खोटा ठरत नाही. आता फक्त माणसं उशिरा सुटू लागली की झालं.

संकल्प: रोज प्रार्थना. अध्यक्षांसाठी नव्हे, व्याजदरासाठी. कोणत्या देवाकडे करायची ते ठरत नाही. व्याजाला कुबेर बघत असावा.

२१ मे

आनंद!! ओवेन कालपासून दुपारी तीनला घरी जातो. जोलीननेच फोनवर सांगितलं. पहाटे डबा घेऊन निघतो, तीनला परत. म्हणजे कोटा वाढला! निर्देशांक उलटा करून नऊ दिवस झाले नाहीत तोच फळ.

मर्लला सांगायला गेलो. तो कपात बघत म्हणाला, बरं. एवढंच. पराभव माणसाला किती लहान करतो.

२८ मे

ड्रीमाकडे कारखान्याची माणसं दिसतच नाहीत हल्ली. स्वाभाविक आहे, कामातून सवड कुठली? ड्रीमा म्हणाली, हो प्रोफेसर, फार काम आहे त्यांना. आणि माझ्या समोर कॉफीचा दुसरा कप ठेवला. न मागता. फुकट.

चार महिन्यांचं तप फळाला आलं. पण तिने किटली ठेवून माझ्या खांद्यावर हात का ठेवला, ते कळलं नाही.

कॉफी तेवढी चांगली नव्हती.

३ जून

ओवेन रविवारी आला होता. मार्लिसने रात्री त्याच्याबद्दल विचित्र गोष्ट काढली. म्हणाली, त्याचे हात पाहिलेस? मी म्हटलं, हात कसे असतात? ती म्हणाली, स्वच्छ. कपाटं बसवणाऱ्याच्या नखांत भुसा असतो, भेगांत गोंद असतो, मी दहा वर्षं त्याचे शर्ट धुतलेत. दोन आठवडे त्याचे हात बँकेतल्या माणसासारखे आहेत.

मी म्हटलं, नवी यंत्रं आली असतील. गुंतवणूक. ती पुरे म्हणाली नाही. नुसती उठून आत गेली. त्यापेक्षा पुरे बरं होतं.

५ जून

नवं सदर लिहायला घेतलं: ‘पुन्हा उशीर: एका पुनरुत्थानाची कथा’. पहिलं वाक्य छान जमलंय. दुसरं जमत नाही. उद्या प्रत्यक्ष कारखान्यावर जाऊन दोन-चार माणसांशी बोलतो. संजयाने कुरुक्षेत्र दुरून पाहिलं, मी जवळून पाहीन.

६ जून

कारखान्याच्या फाटकाला साखळी. आवारात मोटारी नाहीत. फाटकापाशी एक म्हातारा रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. त्याला विचारलं, आज सुट्टी? म्हणाला, साहेब, मेच्या वीस तारखेपासून सुट्टीच आहे.

परतताना नदीवरून आलो. सेंट जो नदीच्या काठी मासे धरायला येणाऱ्यांसाठी गाड्या लावायची जागा आहे. तिथे ओवेनचा पिकअप होता. तो आत बसलेला. शेजारच्या सीटवर डबा, न उघडलेला.

मी दार उघडून बसलो. त्याने डबा उचलून मांडीवर घेतला, मला जागा करून दिली. मग तो म्हणाला, जोलीनला माहीत नाही. विमा या महिन्याअखेर संपतो. बाळ पुढच्या महिन्यात. आधी काहीतरी मिळवतो, मग तिला सांगतो, असं ठरवलं होतं. रोज अर्ज करायला निघतो, डॅड. सुरुवातीला केलेही. आता इथपर्यंत येतो आणि गाडी बंद करतो.

मी म्हटलं, माझ्यामुळे. पाण्याची नोकरी. तो म्हणाला, छे, डॅड, ‘नाही’ मीच कळवलं होतं. ते त्याने इतक्या सौम्यपणे म्हटलं, की मर्लने इतके महिने केलेली सगळी टिंगल एकदम हलकी वाटली.

मग त्याने डबा उघडला. एक सँडविच होतं. जोलीनने त्याचे तिरके दोन भाग केले होते, शाळेतल्या मुलाला करतात तसे. त्याने एक मला दिला. मी खाल्ला. त्याने त्याचा हातात धरून ठेवला. मी उतरताना तो म्हणाला, हे सदरात घालू नकोस हं. हसायचा प्रयत्न केला त्याने. माझ्यासाठी केला.

७ जून, सकाळ

मर्लला रात्री फोन केला. त्याला सगळं ठाऊक होतं. ड्रीमालाही. म्हणाला, तुला कसं सांगायचं, प्रोफेसर, तुझा निर्देशांक इतक्या आनंदात होता. मग म्हणाला, पोराला एकटा ठेवू नको. अध्यक्षांबद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही. आमचं अध्यक्षांवाचून झालेलं हे पहिलंच संभाषण.

सदर फाडलं. मार्लिसला सगळं सांगितलं. ती संध्याकाळी जोलीनकडे जाणार आहे. ओवेनने सांगावं, आणि तो सांगेपर्यंत आपण तिथे बसावं, असं तिचं म्हणणं. बरोबर आहे. तिची जवळजवळ सगळी म्हणणी बरोबर होती.

भल्याबुऱ्या काळाचं श्रेय अध्यक्षाला किती आणि दोष किती, मला माहीत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली असेल; किंवा कावळा खरंच जड असेल. फांदीवर कोण बसलं होतं, ते मी पाहिलंच नाही. पण आज पहाटे उठलो ते यासाठी नाही. थर्मास भरलाय, दोन कप घेतलेत, नदीवर निघालोय.

काल वहीत एक गोष्ट लिहायची टाळली. ती ही. तिथे बाकीच्या सगळ्या गाड्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. ओवेनची नदीकडे होती, अगदी कडेला, आणि त्याचे हात स्टिअरिंगवर होते.

मला त्याच्या जिवाची भीती वाटते.